पूर्वाचा उपास

“वजन पुन्हा उतरलंय. जेवतेस ना गं नीट?” डॉक्टरबाईंनी विचारलं.

अकरावीतली पूर्वा आईकडे बघत राहिली.

तिची आई, नंदा, कर्वेनगरात खानावळ चालवायची. परगावाहून शिकायला आलेल्या मुलांना आग्रह करकरून वाढायची. पण पूर्वाला रक्ताचा कॅन्सर निघाला आणि लेकीला वाढताना तिने हात आखडता घेतला. कॅन्सर प्रथिनांवर पोसतो, असं कुणीतरी मोबाइलवर पाठवलं होतं. त्या दिवसापासून डाळ बंद, दूध बंद, अंडं बंद. “आई, भूक लागलीय गं,” असं पूर्वा म्हणाली की नंदा पेजेची वाटी पुढे करायची आणि मोरीत जाऊन तोंडाला पदर लावायची.

“मीच बंद केलं, मॅडम,” ती पुटपुटली. “मोबाइलवर आलं होतं...”

“मग इंजेक्शनही मोबाइलवरूनच मागवायचं होतंत.” नंदाचा पांढराफटक चेहरा पाहून डॉक्टरबाई नरमल्या. “हे बघा, प्रथिनं ज्यांपासून बनतात, त्यांतलं एक असतं अस्पॅराजिन. निरोगी पेशी ते स्वतः तयार करतात. हिच्या कॅन्सरच्या पेशींना ते धड जमत नाही, त्या रक्तातून उचलतात. आजचं इंजेक्शन रक्तातलं तेच संपवतं. उपास त्यांना घडवायचाय, हिला नाही.”

“म्हणजे मी पोरीला उगाच उपाशी मारलं?”

“घाबरून केलंत. आता खाऊ घाला. आणि आज हिच्यावर लक्ष ठेवा. ह्या औषधाची कधीकधी ॲलर्जी येते. ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, धाप लागली, तर लगेच हाक मारा.”

इंजेक्शन देऊन सिस्टर शकूताई पलीकडच्या खाटेकडे वळल्या. नंदाची नजर लेकीच्या ओठांवरून हलेना. थोड्या वेळाने पूर्वाने मान खाजवली.

“सिस्टर!” नंदा किंचाळली. सगळा वॉर्ड वळून बघू लागला.

शकूताई धावत आल्या. मान पाहिली, नाडी पाहिली, ओठ निरखले. “काही नाही हो. डोक्याला बांधलेला स्कार्फ टोचतोय तिला.”

“आई,” पूर्वा हळूच म्हणाली, “तू श्वास घे आधी.”

दुपारी शकूताईंनी पुन्हा तपासून घरी जायला सांगितलं. नंदा दाराबाहेर आली. तिचे पाय असे लटपटत होते, की चपलेत शिरेनात. पूर्वा भिंतीला धरून खाली बसली आणि तिने आईच्या पायांत एकेक चप्पल घातली.