दाराच्या आतली खुंटी

मित्रांनो, मी लाकडाची एक साधी खुंटी. आता म्हातारी झाले आहे. चौकटीतून उरलेल्या तुकड्यातून सुताराने मला तासलं आणि या घराच्या दाराच्या आत भिंतीत ठोकलं. मला धरून तो स्वतः लोंबकळला आणि म्हणाला, "माणूस पडेल, खुंटी पडायची नाही." तेव्हा मला केवढा अभिमान वाटला होता!

घरात बाबा, आई आणि बाबांची आई म्हणजे आजी. बाबा कारखान्यात जुन्या बॅटऱ्या फोडून त्यांतलं शिसं वितळवायचं काम करत. संध्याकाळी आले की सदरा झटकून माझ्यावर टांगत. सदरा मूळचा निळा; पण धुळीने असा राखाडी झाला होता की आजीलाही त्याचा रंग आठवत नसे. "कुरकूर न करता काम करणारी या घरात ही एक खुंटीच," असं आजी म्हणे आणि सुनेकडे बघे.

मग मुलगी झाली. सगळे तिला ठकी म्हणत. तिची सतरंजी माझ्या खालीच अंथरलेली असे. बाबा आले की आधी तिला उचलत, मग चपला काढत. ती त्यांची कॉलर तोंडात धरून चोखत बसे. "बापवेडी आहे नुसती!" आई हसून म्हणे. ठकी रांगू लागली. जमिनीवर हात थापटायची आणि तेच हात तोंडात घालायची. सगळीच बाळं तसं करतात, म्हणून कुणी लक्ष दिलं नाही.

पण दीड वर्षाची झाली तरी ती उभी राहीना. घास तोंडात ठेवला की थुंकून टाकी. पोट धरून कळवळे. आजी म्हणाली, "हिचा बाप तरी कुठे लवकर चालला? दोन वर्षं बूड टेकून बसला होता." तरी आईने तिला डॉक्टरीणबाईंकडे नेलं, रक्त तपासून घेतलं. अहवाल घेऊन परत आली तेव्हा बाबा घरीच होते.

"हिच्या रक्तात शिसं आहे," आई दारातूनच म्हणाली.

"शिसं? ही काय कारखान्यात जाते?"

"ती जात नाही. तुम्ही घेऊन येता. कपड्यांवरून, केसांतून, हातांवरून."

आजी उसळली. "काहीतरीच! बापाच्या घामानं कधी लेकरू आजारी पडतं का?"

"घामानं नाही हो. धुळीनं."

बाबांनी सदरा माझ्यावरून काढला. तो हातात धरून ते घरभर बघत राहिले. कुठे ठेवावा ते त्यांना कळेना.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तसं सगळं बदललं. मला उपटून बाहेर, नळाजवळच्या भिंतीत ठोकलं. कामाचे कपडे आणि चपला बाहेरच राहू लागल्या. बाबा डोक्यावरून अंघोळ केल्याशिवाय आत येत नसत. झाडल्याने धूळ उडते, म्हणून आई जमीन ओल्या फडक्याने पुसू लागली. बाबांचे कपडे वेगळे धुऊ लागली. जेवणाआधी ठकीचे हात साबणाने धुऊ लागली. बाबा आले की ठकी दारातून हात पसरून रडे. "थांब गं, मला हात लावू नकोस," असं म्हणून ते तोंड फिरवत. पुढे पुढे तिने हात पसरणं सोडून दिलं.

एके दिवशी बाबा नळाखाली हात खसाखसा घासत आईला सांगत होते, "मालक रोज कारखान्यातच अंघोळ करून, कपडे बदलून घरी जातो. मी विचारलं, आम्हाला का नाही सांगितलंत? तर म्हणतो, तुम्ही कधी विचारलंत?"

लाज खुंटीला टांगली, असं माणसं म्हणतात. मित्रांनो, माझ्यावर आयुष्यभर फक्त कपडे टांगले गेले. त्या मालकाने आपली लाज कुठे टांगली, मला ठाऊक नाही.

बाबांनी दुसरं काम धरलं. ठकीच्या रक्तातलं शिसं हळूहळू कमी झालं, ती चालायलाही लागली. "सुटलो बाई," आजी म्हणाली. पण डोक्यात झालेली इजा शिशाबरोबर निघून जात नाही. आता ठकी सात वर्षांची आहे. पाठीवरचा भाऊ स्वच्छ जमिनीवर रांगला. काल तो पायरीवर बसून पाटीवरची अक्षरं वाचत होता. ठकी त्याच्या तोंडाकडे बघत तीच अक्षरं त्याच्यामागून म्हणत होती. बाबा नळाशी उभे होते. नळ वाहत राहिला, त्यांनी बंद केला नाही.

मी इथे उन्हापावसात चिरफाळून गेले आहे. माझ्यावर आता कुणी काही टांगत नाही. त्याचं दुःख नाही. पण मित्रांनो, तुमच्या घरात रांगतं बाळ असेल, तर बाहेरून येणाऱ्याला दारातच अडवा. आधी हात धुवायला लावा, कपडे बदलायला लावा, मगच बाळ त्याच्या हातात द्या. तो बाळाचा बाप असला तरी. आणि मोठे होऊन कामाला लागाल, तेव्हा पहिल्याच दिवशी विचारा, "इथलं काय माझ्याबरोबर घरी येतं?" आपणहून कुणी सांगेल, म्हणून वाट बघत बसू नका.