रोलरपुढे बसायचं नाही

हंगाम सुरू व्हायच्या आदल्या आठवड्यात पेपरात आठही शाळांच्या रग्बी संघांचं भविष्य छापून आलं. पहिल्या नंबरावर टेकडीपलीकडची मोठी शाळा. तिच्यावर अख्खा रकाना आणि प्रशिक्षकाचा हाताची घडी घातलेला फोटो. आठव्या नंबरावर बाईंची शाळा, तिच्या वाट्याला दोन ओळी. ‘सोळा मुलं, एक उतरतं मैदान आणि प्रशिक्षक म्हणून भूगोलाच्या बाई. यंदा एकही सामना जिंकतील असं वाटत नाही.’

बाईंनी त्या ओळी शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांना ऐकू जातील अशा वाचल्या. मग फोटोकडे बघून म्हणाल्या, “पोट आत ओढून उभा राहिलाय मेला.”

हा मेला म्हणजे त्यांचा सख्खा धाकटा भाऊ. नऊ वर्षं तो याच शाळेचा संघ सांभाळत होता. उन्हाळ्याच्या सुटीत मोठ्या शाळेने त्याला बोलावलं आणि तो गेला. गेला तर गेला, पण जाताना पाच चांगली पोरं सोबत घेऊन गेला. त्यात उंबरा नावाचा दणकट पोरगा होता. समोरून येणारा प्रत्येक जण त्याच्यापाशी अडखळायचा, म्हणून ते नाव. उंबरा जिल्ह्यातला सगळ्यात भक्कम गडी. त्याला भावाने नेलं आणि बाकावर बसवलं. पहिला सामना झाला, दुसरा झाला, पाच झाले, उंबरा बाकावरच. आपल्याकडे खेळवायचं म्हणून नाही, ताईकडे खेळू नये म्हणून नेला होता, हे कळायला बाईंना कुणी सांगायची गरज नव्हती.

भाऊ गेल्यावर, सुटी संपता संपता, संघ कोण घेणार, असं मुख्याध्यापकांनी विचारलं होतं, तेव्हा व्यायामाचे सर खिडकीबाहेर बघू लागले. बाईंनी हात वर केला. मुख्याध्यापकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. “एक तरी सामना जिंका, बाई,” ते म्हणाले. “नाहीतर पुढच्या वर्षी संघाचं नाव नोंदवायचं नाही. पोरांचे हातपाय मोडून घेण्यात काय अर्थ आहे?”

“जिंकू की,” बाई म्हणाल्या. कशाच्या जोरावर म्हणाल्या, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

रग्बी त्यांना अगदीच परकी नव्हती. त्यांचे बाबा याच शाळेच्या मैदानाची देखभाल करायचे. ताई आणि भाऊ दोघंही त्या गवतावरच वाढले. बाबांचा लोखंडी रोलर अजून कुंपणाशी उभा होता. संघाच्या पहिल्या ओळीतली पोरं तो ढकलून तयार व्हायची, ही इथली जुनी रीत. दुसऱ्या शाळांत त्यासाठी गाद्या लावलेलं यंत्र असतं. इथे रोलर.

रोलरचा नियम एकच. मैदान फाटकाकडे उतरतं, रोलर ढकलायचा तो वर, चढाला. दमलात तर थांबा, मागे सरका, काय वाटेल ते करा, पण गुडघा टेकायचा नाही. बसलात की रोलर अंगावर आलाच. भाऊ लहानपणी एकदा बसला होता. त्याच्या डाव्या पायाच्या अंगठ्याला अजून नख नाही. त्या दिवसापासून बाबा येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक पोराला बजावायचे, रोलरपुढे बसायचं नाही.

बाईंनी पेपरातल्या त्या दोन ओळी कापल्या आणि रोलरच्या लोखंडावर खळीने चिकटवल्या. रोज सकाळी पोरं रोलर ढकलत, आणि प्रत्येक फेऱ्याला त्या ओळी चिखलात तोंड खुपसत. आठवड्यात त्यांचा लगदा झाला. भोपळा नावाच्या जाड्या पोराने विचारलं, “बाई, नवीन चिकटवायच्या का?”

“पाठ झाल्यात मला,” बाई म्हणाल्या. “ढकल.”

पण सहा सामने झाले, उतरत्या मैदानामुळे सगळे बाहेरच, आणि सहाही हातचे गेले. कुठे दोन गुणांनी, कुठे पाच. घरच्या मैदानावर सरावात स्क्रम छान चालायचा. स्क्रम म्हणजे दोन्हीकडची आठ-आठ पोरं डोकी अडकवून, खांद्याला खांदा लावून एकमेकांना रेटतात आणि मधे चेंडू सोडतात, तो प्रकार. बाहेरच्या मैदानावर मात्र त्यांचा स्क्रम हमखास गोल फिरायचा, पंच शिट्टी मारायचे आणि पेनल्टी समोरच्याला द्यायचे. बाईंनी सहाच्या सहा पंचांना पक्षपाती ठरवून टाकलं होतं. एकाला तर त्यांनी तोंडावर सांगितलं होतं की तुम्हाला नकाशात उत्तरसुद्धा सापडायची नाही.

आता शेवटचा सामना उरला होता, टेकडीपलीकडे, भावाशी.

मोठ्या शाळेचं मैदान म्हणजे गुळगुळीत हिरवं, कडेने पांढऱ्या रेघा, पाहुण्यांना बसायला खुर्च्या. भाऊ समोरून चालत आला. “ताई, सोळाच्या सोळा आले का गं?”

“आले. मोजायला शिकवू का?”

“चिडतेस कशाला? पोरं बरी आहेत तुझी. फक्त फिरतात.” आणि तो हसत गेला.

पहिल्या अर्ध्यात तेच झालं. स्क्रम लागला की बाईंची पोरं जोर करत, डावी बाजू पुढे निघे, सगळा गोळा गर्रकन वळे आणि शिट्टी. चार शिट्ट्या, चार पेनल्ट्या, प्रत्येकीचे तीन गुण. मध्यंतराला बारा-शून्य.

पोरं गवतावर पसरली. बाईंच्या तोंडातून पंचांचा उद्धार सुरू झाला आणि त्या तावात त्यांनी हातातली पाण्याची बाटली जमिनीवर आपटली. बाटली आडवी पडली आणि पडली तिथेच राहिली.

बाई बोलायच्या थांबल्या. त्यांच्या मैदानावर बाटली आडवी टाकली की ती घरंगळते. फाटकाकडे, आणि थोडी डावीकडेही. रोलरही चढताना डावीकडे ओढ घ्यायचा. तो सरळ राहावा म्हणून डावीकडच्या पोरांनी जास्त रेटायचं आणि तिथे नेहमी सगळ्यात ताकदीचा गडी लावायचा. बाबा तसंच करायचे, भाऊ तसंच करायचा, बाईंनीही तसंच केलं होतं. भूगोलाच्या बाई, आणि उतार दिसला नव्हता! सहा सामन्यांत सहा पंचांना शिव्या घातल्या होत्या आणि सगळे बिचारे बरोबर होते. बाईंना मनापासून लाज वाटली.

“चूक माझी आहे,” त्या पोरांना म्हणाल्या. “तुम्ही अजून आपलं वाकडं मैदान ढकलताय. इथे उतार नाही. भोपळ्या, तू डावीकडून उजवीकडे जा. सुतळी, तू त्याच्या जागी.”

सुतळी म्हणजे काडीसारखा पोरगा, पण चिवट. तो डोळे विस्फारून म्हणाला, “बाई, मी डावीकडे कधीच नाही उभा राहिलो.”

“म्हणूनच. तुला डावीकडे जास्त ढकलायची खोड नाही.”

दुसऱ्या अर्ध्यातला पहिला स्क्रम लागला आणि सरळ गेला. नांगर जावा तसा गेला. मोठ्या शाळेची आठ पोरं दोन पावलं मागे, मग चार. खुर्च्यांवरचे पाहुणे उठून उभे राहिले. एक पेनल्टी मिळाली, तीन गुण. मग स्क्रममधूनच चेंडू काढून कप्तान कोपऱ्यात जाऊन पडला. चेंडू असा रेषेपार टेकवला की तो ट्राय, त्याचे पाच. वरच्या दोन गुणांची किक हुकली. बारा-आठ.

शेवटची दोन मिनिटं उरली तेव्हा मोठ्या शाळेच्या रेषेपासून पाच पावलांवर स्क्रम मिळाला. चेंडू बाईंच्या पोरांचा. अजून एकदा रेटलं, रेषेपार नेऊन टेकवला, की सामना खिशात.

आणि तेवढ्यात मोठ्या शाळेचा पहिल्या ओळीतला एक पोरगा पोटरी धरून खाली बसला. बसण्याआधी त्याने प्रशिक्षकाकडे बघितलं होतं, ते बाईंच्या नजरेतून सुटलं नाही.

भाऊ धावत आत आला. “पंच, माझा गडी गेला. त्या जागेचा दुसरा शिकलेला गडी माझ्याकडे नाही.”

तसा नियम आहे आणि चांगला आहे. पहिल्या ओळीत न शिकलेला पोरगा उभा केला तर मान मोडू शकते. म्हणून शिकलेला बदली नसेल तर स्क्रममध्ये कुणी ढकलायचं नाही. नुसतं टेकून उभं राहायचं. म्हणजे बाईंच्या पोरांनी हंगामभर जे एकच शिकलं होतं, तेच शेवटच्या दोन मिनिटांत बंद.

“खोटं बोलतोय!” बाई रेषेवरून ओरडल्या. “बाकावर बसलाय की गडी! तीन वर्षं रोलर ढकललाय त्याने!”

“बाई, संघ त्यांचा आहे,” पंच म्हणाले. “कोण तयार आहे ते त्यांनी सांगायचं.”

“नाही कुणी तयार,” भाऊ म्हणाला. ताईकडे न बघता म्हणाला.

उंबरा बाकावरून उठला. हंगामभर अंगात घातलेलं जाकीट त्याने काढलं, घडी केली आणि बाकावर ठेवलं. त्याचा सदरा कोरा करकरीत होता.

“मला येतं, सर,” तो पंचांना म्हणाला. “मी शिकलोय.”

“खाली बस,” भाऊ म्हणाला.

“नाही बसत.”

पंचांनी त्याची जागा विचारली, मान वाकवून उभं राहायला लावलं आणि शिट्टी तोंडात धरली. “ढकलायचा स्क्रम,” ते म्हणाले.

उंबरा समोर येऊन उभा राहिला तेव्हा भोपळा त्याला म्हणाला, “आलास का रे?” उंबरा म्हणाला, “आलो. बघू तुमचा जोर.” आणि डोकी अडकली.

चेंडू आत आला. सोळा पोरांचा एकच हुंकार निघाला. स्क्रम हलेना. उंबऱ्याने भोपळ्याला जागच्या जागी धरून ठेवलं होतं. बाईंना त्याचा राग आला आणि अभिमान वाटला, दोन्ही एकदम. मग सुतळीच्या बाजूने एक वीत मिळाली. मग भोपळ्याने पाय रोवले. मोठ्या शाळेची बाकीची सात पोरं ढिली पडू लागली आणि सगळा भार एकट्या उंबऱ्यावर आला.

“पाड!” भाऊ रेषेवरून ओरडला. “गुडघा टेक! बस खाली! पाड तो स्क्रम!”

स्क्रम पाडला की बहुतेक वेळा पुन्हा लावतात, आणि घड्याळ पळत असतं. फार तर पेनल्टी, तीन गुण. चार गुणांनी पुढे असलेल्याला ते परवडतं. उंबऱ्याने नुसतं खाली बसायचं होतं. बाईंनी पदराचं टोक दातात धरलं.

उंबरा बसला नाही. तो मागे जात होता, पावलागणिक जात होता, त्याचे बूट गवतात दोन लांब चर पाडत होते, मान लाल झाली होती, पण पाठ सरळ होती आणि गुडघे जमिनीपासून वर. तसाच उभ्याने तो स्वतःच्या रेषेपार ढकलला गेला. सुतळीच्या मागच्या पोराने चेंडूवर उडी टाकली. पंचांचा हात वर गेला.

तेरा-बारा.

बाई ओरडल्या की रडल्या हे त्यांना नंतर सांगता आलं नाही. पोरांनी त्यांना उचलायचा प्रयत्न केला आणि त्यांनी दोघांना चापट्या दिल्या. मग त्या थेट मैदानाच्या टोकाला गेल्या. उंबरा तिथे कमरेवर हात ठेवून धापा टाकत होता. भाऊ त्याच्यासमोर उभा होता आणि त्याच्या कपाळाची शीर उडत होती.

“बस म्हणालो ना मी?” भाऊ विचारत होता. “ऐकू नाही आलं? खाली का नाही बसलास?”

उंबऱ्याने नाक बाहीला पुसलं. त्याला खरंच कळत नव्हतं की सर हे का विचारतायत.

“रोलरपुढे बसायचं नाही, सर,” तो म्हणाला. “तुम्हीच सांगितलं होतंत. पहिल्या दिवशी. बूट काढून अंगठा दाखवला होतात.”

बाईंकडे भावाला सुनावायला हंगामभर साठवलेलं पुष्कळ होतं, पेपर, फोटो, पाच पोरं, सगळं. ते सगळं तसंच राहिलं. त्यांनी उंबऱ्याला पाण्याची बाटली दिली.

“सोमवारी सकाळी सहाला,” त्या त्याला म्हणाल्या. “पुढच्या वर्षी संघ आहे आपला.”

मग भावाकडे वळल्या. तो मान खाली घालून स्वतःच्या डाव्या बुटाकडे बघत होता.