बोटांना कळेना

तैवानमधल्या ह्वालिएन गावच्या एका लहानशा प्रसूतिगृहात रुओ-यिंग नुकतीच नर्स म्हणून लागली होती. सलाईन, रक्तदाब, बाळाचे ठोके, सगळं तिला जमायचं. जमत नव्हती ती फक्त आतली तपासणी. तिथं डोळ्यांचा उपयोग नाही. दोन बोटं आत घालून गर्भपिशवीचं तोंड किती उघडलंय ते सांगायचं. सगळे बोटांच्याच भाषेत बोलत: एक बोट, दोन बोटं, पाच म्हणजे पूर्ण.

ल्याओ नावाच्या पहिलटकरणीला तपासताना तिला कडा कुठंच लागली नाही. नुसतं टणक, गुळगुळीत डोकं. कडा नाही म्हणजे तोंड पूर्ण उघडलं, असं समजून तिनं सांगून टाकलं, "पाच बोटं!" ल्याओच्या सासूनं लगेच घरी फोन लावला, "बाळंतिणीसाठी तीळतेलातली कोंबडी शिजत टाका!" डॉक्टर ज्यान जेवता जेवता उठून आले.

"एकच बोट आहे," ते म्हणाले. "तोंड पार मागं आहे. तू पिशवीच्या भिंतीवरून डोकं चाचपत होतीस."

"म्हणजे? उघडलेलं पुन्हा मिटलं?" सासूनं विचारलं.

ल्याओ रडायलाच लागली. रुओ-यिंगला कुणाकडे बघावं कळेना. तिला शिकवणारी ह्वेइ-चू ताई बाहेर आल्यावर म्हणाली, "अगं, चुका सगळ्यांच्याच होतात. पण तू तर भिंतीलाच दार समजलीस!"

सरावासाठी वॉर्डात लहानमोठ्या भोकांची एक लाकडी फळी होती. डोळे मिटून रुओ-यिंग प्रत्येक भोक बरोबर ओळखायची. पण फळी हलत नाही, कळांनी ओरडत नाही. बाईजवळ गेलं की तिला आपल्याच बोटांचा भरवसा वाटेना.

अशात एका दुपारी पानाय आली. आमिस आदिवासींच्या वस्तीतली, तिसऱ्या खेपेची. मागच्या तपासणीत बाळाचं डोकं खाली होतं.

"सिस्टर, हात गरम करून ये गं," ती कण्हत म्हणाली. "मासे धुऊन आल्यासारखी आहेस."

रुओ-यिंगनं तपासलं. या वेळी कडा लागली. पण आत जे लागलं ते मऊ होतं आणि मधे एक घळ होती. डोक्यालाही सांध्यांच्या रेघा असतात, सूज आली की तेही मऊ लागतं. मग हे काय? तिनं पुन्हा चाचपलं. आणखीच गोंधळ झाला.

"किती?" ह्वेइ-चू ताईनं दारातून विचारलं.

"चार असेल... ताई, मला कळतच नाहीये. आत काय आहे तेच कळत नाहीये."

ताईनं हातमोजा चढवला, झटकन तपासलं. "चार. डोकंच आहे, सूज आलीय. काळजी नको."

रुओ-यिंगनं मान हलवली. पण घळ काही मनातून जाईना. शेवटी ती चाचरत म्हणाली, "ताई, रागावू नकोस. एकदा सोनोग्राफी करू या?"

"माझ्यावर विश्वास नाही?"

"माझ्यावरच नाही गं."

ताईनं तिच्याकडे बघितलं आणि मशीन ओढून आणलं. पडद्यावर बाळाचं डोकं वर, बरगड्यांखाली दिसलं. खाली होतं ते ढुंगण.

"फिरलं वाटतं कार्टं!" पानाय म्हणाली. मग तिला घाईनं शस्त्रक्रियेला नेलं. मुलगी झाली, सुखरूप.

संध्याकाळी डॉक्टर ज्यान सगळ्यांसमोर म्हणाले, "रुओ-यिंगनं बरोबर ओळखलं." ह्वेइ-चू ताईनंही तिच्या ताटलीत स्वतःचा पाव ठेवला. "आज तुझा हात माझ्यापेक्षा शहाणा निघाला."

रुओ-यिंगनं पाव हातात धरला, खाल्ला नाही. तिनं ओळखलं कुठं होतं? तिला तर काहीच कळलं नव्हतं. कळलं नाही हे बोलून दाखवलं, एवढंच. कौतुकाला होय म्हणावं की नाही याच विचारात ती असताना आतून हाक आली, नवीन बाई आलीय. तिनं हात धुतले, हातमोजा चढवला, तपासलं.

"साधारण तीन," ती म्हणाली. "ताई, तूही एकदा बघ."

ताईनं बघितलं. "अडीच."

रुओ-यिंगनं नोंदवहीत दोन्ही आकडे लिहिले.