मंगळवारचं पापलेट

सोमवारी सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी नेत्राचा फोन किणकिणला आणि पडद्यावर ओळ उमटली : 'आठवडा २४ : पापलेट.' हातातला चहाचा कप खाली न ठेवता नेत्राने ती ओळ डिलीट केली आणि उरलेला चहा प्यायली. तिला रडू आलं नाही. गेल्या सात आठवड्यांत एकदाही आलं नव्हतं, आणि येत नाही याचंही तिला काही वाटत नव्हतं. दाताच्या डॉक्टरने सुई टोचल्यावर आपलाच ओठ परका वाटतो, तशी ती अख्खीच स्वतःला परकी झाली होती.

मूल सतराव्या आठवड्यात गेलं. यादी मात्र चाळीस आठवड्यांची होती.

यादी केली होती निकेतने, तिच्या नवऱ्याने. लोक पोटातल्या बाळाचं माप लिंबाएवढं, आंब्याएवढं असं सांगतात. निकेत पडला कोळ्याचा पोर, त्यात नोकरी कोल्ड स्टोरेजमधून मासळीच्या गाड्या भरून पाठवायची. त्याने घरच्या कम्प्युटरवर कॅलेंडर उघडलं आणि दर सोमवारी एकेक मासा लिहून टाकला. आठव्या आठवड्याला जवळा, दहाव्याला करंदी, बाराव्याला मांदेली. मध्ये मासे कमी पडायला लागले तेव्हा 'बांगडा', 'जरा मोठा बांगडा', 'त्याच्याहून मोठा बांगडा' असं रेटत गडी सुरमईपर्यंत पोचला. नेत्रा पोट धरून हसली होती. हसली नाही ती फक्त सासू. शालूबाईंनी भाईंदरच्या बाजारात तीस वर्षं टोपली मांडलेली. "होरी बंदराला लागल्याबिगर म्हावरं मोजायचं न्हाय, निकेत," एवढंच म्हणाल्या आणि भाकऱ्या थापायला गेल्या. होडी किनाऱ्याला लागायच्या आत मासळी मोजणं त्यांच्या लेखी अशुभ.

पुढे जे झालं त्यानंतर त्यांनी ते वाक्य पुन्हा उच्चारलं नाही. भल्या बाई, आपल्या जुन्या घरी राहायला निघून गेल्या, जेसल पार्कच्या फ्लॅटमध्ये दोघांनाच ठेवून. पण बोललेलं वाक्य काही त्यांच्याबरोबर गेलं नाही. त्या दिवसापासून कोळ्यांच्या त्या घरात मासळी शिजली नव्हती. निकेत डाळभात जेवायचा, नेत्रा डाळभात जेवायची, आणि दोघं ताटात बघायची.

आता ही फोन-कम्प्युटरच्या सिंकची भानगड. आदल्या वर्षी नेत्राचा फोन बादलीत बुडाला आणि त्याबरोबर सगळे नंबर बुडाले, तेव्हा निकेतने नवा फोन घरच्या कम्प्युटरला जोडून दिला. रोज रात्री दहाला फोन आणि कम्प्युटर एकमेकांकडे बघून घेणार. इथे लिहिलं की तिथे उमटणार, इथे पुसलं की तिथलं जाणार. सोय मोठी होती. पण सोमवारी पुसलेला मासा मंगळवारी सकाळी परत येत होता. एकदा नाही, दर आठवड्याला. सोमवारी बांगडा पुसावा, तर मंगळवारी बांगडा हजर. तो पुन्हा पुसला की मात्र जायचा, ते पुढच्या सोमवारी पुढचा मासा येईपर्यंत.

पहिले दोन आठवडे नेत्राने फोनला दोष दिला. मग तिच्या मनात आलं, हे निकेतच करतोय. मी विसरू नये म्हणून परत लावतोय. तोंडाने एक शब्द बोलत नाही, आणि दर मंगळवारी माझ्या हातात मासा देतो. विचारायला हवं होतं. पण विचारायला राग तरी लागतो, तिच्याकडे तोही नव्हता. तिने उत्तनला भावाला फोन केला. साईराज म्हणाला, "गुरुवारी गाडी घेऊन येतू. र्‍हा आपल्याकडं." किती दिवस, ते त्याने विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. परत यायचं की नाही हे तिला स्वतःलाच ठाऊक नव्हतं. निकेतला तिने ताट वाढता वाढता सांगितलं, "गुरुवारी साईराज येतोय न्यायला." तो "बरं" म्हणाला. बॅग भरून पलंगाखाली गेली.

मंगळवारी सकाळी पापलेट परत आलं. या खेपेला नेत्राने ते पुसलं नाही. जाण्याआधी एकदा खात्री करावी, नवऱ्यावर उगाच आळ नको, असं काहीसं तिच्या मनात होतं. ती चष्म्याच्या दुकानात काउंटरला बसायची. तिथे जाता जाता स्टेशनजवळच्या मोबाइलवाल्याकडे थांबली.

"भैया, मैं डिलीट करती हूँ, फिर भी ये वापस आता है. फोन खराब है क्या?"

त्याने फोन घेतला, दोन-चार ठिकाणी बोट लावलं आणि मान हलवली. "फोन एकदम बढ़िया है, भाभी. घर के कम्प्युटर से वापस आ रहा है. देखो, आपने यहाँ डिलीट किया, और उधर किसी ने उसी में कुछ नया लिखा. अब मशीन सोचती है कि नया लिखा है तो काम का होगा, इसलिए फेंकती नहीं, वापस भेज देती है."

"लिखा? इसमें तो मच्छी का नाम है, बस."

"वो तो ऊपर का नाम है. खोलोगी तो नीचे दिखेगा ना." त्याने ती नोंद उघडली, पहिली ओळ वाचली आणि फोन घाईने तिच्याकडे फिरवला. "आप ही पढ़ लो, भाभी," म्हणाला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाचं कव्हर शोधायला लागला. पैसे घेतले नाहीत.

नेत्राने दुकानाच्या पायरीवर उभं राहून वाचलं.

'आज गाडीत पापलेटच होतं. चाळीस क्रेट. मला भरता येईना, बाहेर जाऊन उभा राहिलो. तू गुरुवारी जा, मी अडवणार नाही. पण माझं चुकलं का तेवढं सांगून जा. मासे मोजले ते मी.'

ती कामावर गेलीच नाही, घरी परत आली. कम्प्युटर चालू केला आणि पुसलेल्या नोंदींची कचरापेटी शोधून काढली. तीस दिवसांच्या आतलं तिथे शिल्लक होतं. चार मासे सापडले. त्यातल्या पहिल्या बांगड्याखाली लिहिलं होतं, 'आई विचारते, नेत्रा जेवते का. मी हो म्हटलं.' त्याच्याहून मोठ्याखाली, 'तू आज गॅलरीत उभी होतीस. मी मागे होतो.' तिसऱ्याखाली एका दुकानाचं नाव, आणि पुढे, 'पाळण्याचे दिलेले पैसे परत मागितले नाहीत. सोडून दिले.' चौथ्याखाली नुसतंच, 'वाचतेस ना?' त्याआधीच्या दोन सोमवारांचं काही उरलं नव्हतं. ते तिने पुसलं होतं, आणि तीस दिवस होताच यंत्राने फेकून दिलं होतं. यंत्र कशाला थांबेल!

निकेत सात वाजता आला. रोजच्यासारखा हातपाय धुऊन कम्प्युटरकडे वळला, तर खुर्चीत नेत्रा. पडद्यावर पापलेट उघडं होतं. तो दारातच उभा राहिला.

"हे तू मला बोलला का नाहीस?" तिने विचारलं.

"बोलतच होतो की." त्याचा आवाज मुळीच चढला नाही. "सोमवारी लिहायचो. मंगळवारी रात्री बघायचो तर पुसलेलं असायचं. म्हटलं, वाचलंस आणि पुसलंस. हेच तुझं उत्तर."

"मी एकदापण उघडलं नाही, निकेत. वरचं नाव दिसलं की पुसायचे."

निकेत पलंगावर बसला. सहा आठवडे तो तिचं उत्तर ऐकत होता, आणि तिने प्रश्नच ऐकला नव्हता. दोघांनाही हे एकदमच कळलं. शेजारच्यांचा कुकर शिट्ट्या देत होता.

"पहिल्या दोनमध्ये काय होतं?" नेत्राने विचारलं. "ते गेले. मिळत नाहीयेत."

"दुसऱ्यातलं आठवत नाही."

"आणि पहिल्यात?"

निकेतने जमिनीकडे बघितलं. "पहिल्यात दोनच शब्द होते. 'काहीतरी बोल.'"

नेत्राला तो मंगळवार आठवला. दवाखान्यातून येऊन सहा दिवस झाले होते. तिने उशीवरून डोकं न उचलता अंगठा फिरवला होता. छातीत काहीतरी दुखलं, सुईचा अंमल उतरताना ओठ दुखतो तसं, बोथट आणि आपलं स्वतःचं. बरं मुळीच वाटलं नाही. पण दुखलं.

"तुझं काही चुकलं नाही," ती म्हणाली. "मासे मोजलेस तेव्हा मी हसले होते. मला आवडले होते ते."

निकेतने तोंडावर हात घेतला. तिने त्याच्याकडे बघितलं, मग फोन उचलला आणि उत्तनला लावला.

"साईराज, गुरुवारी गाडी नको आणूस."

"का गो ताय? काय झाला?"

"न्यायला नको येऊस. जेवायला ये." ती जरा थांबली, कारण पुढचा शब्द गेले सात आठवडे या घरात कुणी उच्चारला नव्हता. "येताना पापलेट आण."