शिट्टीची जागा

संकलकाने खिडकीवरचा जाड काळा पडदा एका हाताने बाजूला सारला आणि तो तसाच धरून उभा राहिला. चित्रपटांची कापाकापी अंधारात होते, म्हणून या खोलीत उजेडाला एरवी मज्जावच असे. त्यामुळे आत आलेला सकाळचा उजेड परक्या घरी आलेल्या पाहुण्यासारखा आधी चौकटीशीच थबकला; मग हळूहळू धीट होत टेबलाच्या कडेवर चढला, कालच्या कपाच्या कानातून आरपार गेला आणि शेवटी फळीवर मांडलेल्या सन्मानचिन्हांपैकी सर्वांत नव्याच्या पायाशी टेकला. धुळीचे कण त्यात वरखाली होत होते. त्यांना कुठे जायची घाई नव्हती. बाहेर, मोकळ्या जागेपलीकडच्या गच्चीवर, एक बाई कठड्यावर टाकलेली सतरंजी काठीने झोडपत होती. काठी पडे, धुळीचा सोनेरी ढग उठे आणि मग, जणू मागाहून आठवण झाल्यासारखा, आवाज येई. संकलक बराच वेळ ते पाहत राहिला. मग काहीतरी टोचल्यासारखे होऊन त्याने पडदा सोडून दिला.

संगणकावर तोच प्रसंग थांबलेला होता. फुटबॉलचे मैदान, पलीकडच्या टोकाचे गोलजाळे; मैदानाबाहेरच्या एका उंच इमारतीवरून कुणा चाहत्याने केलेले हे चित्रण. खेळाडूने चेंडू मारला, चेंडू रेषेच्या आत गेला आणि शिट्टी ऐकू आली. पंचांनी गोल नाकारला होता. गोलरक्षकाला प्रतिस्पर्ध्याने धक्का मारला आणि आपण शिट्टी चेंडू आत जाण्याआधीच वाजवली, असे पंचांचे म्हणणे. गोल झाल्यावर वाजवली आणि धक्क्याचे निमित्त मागून शोधले, असे हरलेल्या संघाचे.

पंच म्हणजे संकलकाची थोरली बहीण.

त्याच्या सत्काराच्या समारंभात फुटबॉल संघटनेच्या अध्यक्षांनी त्याला बाजूला घेतले होते. "तुमच्यासारखा डोळा आमच्याकडे कुणाचा आहे?" असे ते म्हणाले आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी हे चित्रण पाठवले. त्याने ते पाहिले आणि फोनवर सांगून टाकले, की शिट्टी नंतरच आहे. अध्यक्ष भारावले. सख्खा भाऊच सांगतोय म्हटल्यावर शंकेला जागा कुठे? आज तेच त्याने संघटनेच्या चौकशी समितीसमोर दाखवायचे होते. त्यानंतर ताईचे नाव पंचांच्या मंडळातून निघणार, हे सगळ्यांना ठाऊक होते. ताईलाही.

दार न ठोठावता ती आत आली. अंगावर इस्त्रीचा काळा सदरा, गळ्यात शिट्टीची दोरी.

"काय कात्रीबुवा, झाली का तयारी आमचा गळा कापायची?"

"ताई, सकाळी सकाळी नको."

"मग केव्हा? दुपारी मी रिकामीच असणार." तिने खुर्चीवरच्या तारांचा गुंता उचलून त्याच्या मांडीवर ठेवला आणि बसली. "दाखव तरी. बघू दे मी काय दिवे लावलेत."

त्याने प्रसंग चालवला. पाय चेंडूला लागला. मग धप् आवाज झाला. चेंडू रेषेपलीकडे गेला. मग शिट्टी. ताई पुढे वाकून पाहत होती. तिच्या ओठांची हालचाल त्याला दिसली, जणू ती शिट्टी पुन्हा फुंकत होती.

"मी आधी वाजवली होती," ती म्हणाली.

"ऐकू तर नंतर येतेय."

"येतेय खरी." ती मागे टेकली. "आता मी काय बोलू? तू मोठा माणूस. लोकांना कुठे रडवायचं हे तुला बरोबर कळतं. म्हणून शिट्टीतलंही कळतं का रे?"

"मी खेळाबद्दल बोलतच नाहीये. जे आहे ते सांगतोय."

"अंगणात बाद दिला की असाच तोंड पाडून बसायचास. आठवतं? 'ताई रडीचा डाव खेळते' म्हणून आईकडे जायचास."

"आणि तू एकदाही निर्णय बदलला नाहीस."

"कसा बदलणार? बादच असायचास."

ती हसली. त्याला हसू आले नाही. त्याने नजर कळफलकावर वळवली आणि उगाचच एक कळ पुसली.

समितीच्या खोलीला मोठ्या खिडक्या होत्या. लांब टेबलाभोवती समितीचे लोक बसले होते; ताई भिंतीला लागून ठेवलेल्या खुर्चीत, हात मांडीवर जोडून. अध्यक्षांनी स्वतः उठून संकलकाला जागा दिली.

"खेळातलं आम्हाला कळतं, पण नजर यांची. हे म्हणतील ते आम्हाला मान्य."

सगळ्यांनी माना डोलावल्या. त्याने प्रसंग चालवला. पाय. धप्. रेषा. शिट्टी. कुणीतरी सुस्कारा टाकला.

"पुन्हा एकदा?" अध्यक्ष म्हणाले.

त्याने पुन्हा चालवला, आणि पाय चेंडूला लागला त्या क्षणी त्याचे बोट आपोआप एका कळीकडे गेले. पहिल्यांदा पाहिले तेव्हाही ते गेले होते. दूरवर कुणी दार आपटले, कुणी लाकूड फोडले, की आवाज चित्रामागून रेंगाळत येतो. तो उचलून त्याच्या जागेवर ठेवायचा, हे त्याच्या हातांचे रोजचे काम. त्या दिवशी त्याने बोट मागे घेतले होते. पुराव्याला हात लावू नये, असे स्वतःला बजावले होते. ते कारण तेव्हा किती स्वच्छ वाटले होते!

त्याने ताईकडे पाहिले. ती त्याच्याकडे पाहत नव्हती. खिडकीतून आलेला उजेड तिच्या बुटांवर पडला होता आणि ती ते बूट किंचित मागे घेत होती.

बोट कळीवर टेकले. त्याने आवाजाची पट्टी जराशी मागे ओढली, धप् आणि पाय एकमेकांना भेटेपर्यंत.

"हे काय करताय?" अध्यक्षांनी विचारले.

"कॅमेरा लांब होता. आवाज पोहोचायला वेळ लागतो." "लाथेचा आवाज लाथेवर आणला. बाकी काही हलवलं नाही."

त्याने प्रसंग चालवला. पाय आणि धप् एकदम. मग शिट्टी. मग, शिट्टी वाजून गेल्यावर, चेंडू निवांतपणे रेषा ओलांडून जाळ्यात शिरला.

"मग तो धक्का?" एका सदस्याने विचारले. "तो खरंच होता का? तुम्हाला काय वाटतं?"

"ते मला विचारू नका. मला त्यातलं कळत नाही."

"पण फोनवर तर तुम्ही ठाम होतात," अध्यक्ष म्हणाले. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, नुसते आश्चर्य होते. "हे तुमच्या आज लक्षात आलं का?"

भिंतीजवळची खुर्ची करकरली. ताईने पहिल्यांदाच मान वर केली होती, आणि अंगणातला निर्णय देण्याआधी पाहायची तशी ती त्याच्याकडे पाहत होती.

"नाही," तो म्हणाला. "पहिल्याच दिवशी आलं होतं."