घडीचा मठ

रुद्राणीच्या पत्राला मी दोन वर्षं उत्तर दिलं नाही. पत्र लहानच होतं. "काका, बांबू आणि कागदाच्या लगद्याचा एक मठ केलाय. घडी करून पाठीवर नेता येतो. आत एकच माणूस मावतो. जिंतूरच्या बाजारात तुम्ही पहिले बसाल का? तुम्ही बसलात की बाकीचे बसतील."

ती पाथरीची. शाळेसाठी इथं जिंतूरला मावशीकडे राहायची तेव्हा माझ्या वाचनालयात यायची. पुढे शिल्पकला शिकली. मी तीस वर्षं ग्रंथपाल होतो, पण पुस्तक देतानाही समोरच्याच्या तोंडाकडे पाहायचो नाही. माझ्यामुळे कोण बसणार? दर वेळी कागद घ्यायचो, 'चि. रुद्राणी' लिहायचो आणि थांबायचो.

शेवटी ती माझ्याविनाच आली. मागच्या बाजारी मी कापड दुकानाच्या आडून पाहिलं. मिरच्यांच्या ढिगांमध्ये तिनं पाठीवरचं गाठोडं सोडून घुमट उभा केला. आतल्या भिंतीवर पायऱ्या, खिडक्या, एक विहीर, सगळं हातानं घडवलेलं. राखाडी कापड पांघरून ती दाराशी उभी राहिली.

"नसलेल्या गावाचं नाव सांगा. तिथं नेते."

मिरचीवाली कडूबाई आत शिरली. "जिथं मला कुनी हाक मारनार न्हाई, तिथं ने."

रुद्राणी बाहेरून पाण्याची धार सोडत, घंटी वाजवत त्या गावची वाट सांगत राहिली. कडूबाई बाहेर आली तर गिऱ्हाईक ओरडत होतं.

"थांब की रं बाबा," ती म्हणाली, "मी आजून वाटंतच हाय."

तिसऱ्या दिवशी दुकानदार नागनाथअप्पा आमच्या लिंगायत समाजाच्या चौघांना घेऊन घरी आले.

"सर, पालिकेला अर्ज लिवायचाय. मठाच्या नावानं बाजारात तमाशा करायलीय पोरगी. बंदी पायजे. तुमचं अक्षर लय चांगलं, तुमीच लिवा."

सवयीनं मी 'विषय' लिहिलं. मग म्हणालो, "मठ म्हणजे काय, ते आधी लिहावं लागेल."

"लिवा की. मठ म्हंजी जागा. दगडाची, पिढ्यान्‌पिढ्याची. गठुडं बांधून न्यायची वस्तू हाय का ती?"

अप्पांच्या सदऱ्यातून लिंगाची चांदीची डबी डोकावत होती. तशीच माझ्याही गळ्यात होती.

"अप्पा, आपण देव गळ्यात घालून फिरतो. शेतात, एस्टीत, बाजारात. आपल्याला देऊळ लागत नाही, हे तुम्हीच सांगता. देव चालतो, मग मठ का चालू नये?"

डबी सदऱ्यात ढकलत अप्पांनी विचारलं, "सर, तुमी आमच्याकडून का तिच्याकडून?"

मी पेनाला टोपण लावलं. "अर्ज मी लिहिणार नाही. दुसऱ्या कुणी लिहिला, तर त्याला विरोधाचा अर्ज लिहीन. माझं अक्षर चांगलं आहेच."

"पुस्तकं वाचून वाचून डोस्कं फिरलंय," चपला घालताना अप्पा म्हणाले.

असेलही. कागद समोरच होता. 'विषय' खोडून मी लिहिलं:

"चि. रुद्राणी, येत्या बाजारी ये. बंदीचा अर्ज निघतोय, म्हणून कोपरा शोधू नकोस. मधोमध मांड. पहिला मी बसेन. कुठल्या गावाला जायचं, ते अजून सुचलेलं नाही. उशीर झाला. शिवप्रकाश."

परत वाचलं नाही. वाचलं असतं तर फाडलं असतं. भर दुपारी, नागनाथअप्पांच्या दुकानासमोरून चालत जाऊन मी ते पोस्टाच्या पेटीत टाकलं.