आडोसा

प्रशिक्षिकेने पिशवीची चेन ओढली आणि आतला रबरी पुतळा काढून इस्त्रीच्या लांब टेबलावर उताणा ठेवला. डोकं, मान, छाती. कमरेखाली काही नाही, हात नाहीत. छाती पाटासारखी सपाट.

"हात नाहीत, पाय नाहीत," धुलाईतला गमत्या म्हणाला, "म्हणजे साहेबच असणार."

हशा पिकला. मुकादमही हसले. लाँड्रीतली सगळी माणसं टेबलाभोवती जमली होती, पुरुष पुढे आणि बायका मागे, नेहमीसारखी. टॉवेलांच्या घड्या घालणारी धाकटी सगळ्यांच्या मागे भिंतीशी उभी होती. ती हसली नाही. तिची थोरली बहीण याच हॉलमध्ये ड्रायरसमोर कोसळून गेली त्याला महिना होत आला होता, आणि माणूस कोसळला तर काय करायचं हे शिकवायची बुद्धी कंपनीला आता झाली होती. वरातीमागून घोडं आलं होतं, तेही बिनपायाचं.

प्रशिक्षिकेने तळहातावर तळहात ठेवला, कोपरं ताठ केली आणि पुतळ्याच्या छातीच्या मधोमध जोर दिला. आतून खट्ट आवाज आला.

"हा आवाज आला की समजायचं, दाब नीट पडला. माणूस पडला, हाक मारून उठत नाही, श्वास नीट चालत नाही, की लगेच सुरू करायचं. कुणाची वाट बघायची नाही. पहिली काही मिनिटंच काय ती आपल्या हातात असतात."

धाकटीने मान वर केली. महिनाभर तिला जो भेटेल तो सांगत होता, ताई जागच्या जागी गेल्या, कुणाच्या हातात काही नव्हतं.

एकेक पुरुष पुढे येऊन दाबू लागला. खट्ट, खट्ट. गमत्याने तर असा जोर लावला की पुतळा टेबलावरून घसरला.

"साहेब वाचले," तो म्हणाला. "आता उठून सुट्टी नामंजूर करतील."

धाकटीच्या अंगाचा तिळपापड झाला. काय दणकट हात होते एकेकाचे! त्या दिवशी हाच गमत्या आवार ओलांडून घडीच्या खोलीत धावत आला होता. "ताई पडल्यात, तुम्ही बायका चला लवकर," एवढंच म्हणाला होता. एकही गंमत न करता.

ती गर्दीतून वाट काढत टेबलापाशी आली. फळीवरचे दोन छोटे टॉवेल घेऊन तिने घट्ट गुंडाळले आणि पुतळ्याच्या छातीवर शेजारी शेजारी ठेवले. दाराजवळच्या खुंटीवर थोरलीचा कामाचा दुसरा निळा कोट अजून तसाच लटकत होता. तो आणून तिने पुतळ्याला घातला, टॉवेलांवरून बटणं लावली. रिकाम्या बाह्या टेबलाच्या दोन्ही बाजूंना लोंबत राहिल्या.

"आता दाबा," ती म्हणाली.

कुणीतरी खाकरलं. कुणीतरी फिस्सकन हसलं आणि गप्प झालं.

"मुकादम, तुम्ही या आधी."

मुकादम जागचे हलले नाहीत. "हे बघ, तुझं दुःख आम्हाला कळतं. पण चारचौघांत हे शोभतं का?"

"टॉवेल आहेत ते. आपल्याच लाँड्रीत धुतलेले. दाबा."

"मॅडम, तुम्ही तरी समजवा हिला."

"त्यांनी बरोबर केलंय," प्रशिक्षिका म्हणाली. "बाईचा पुतळा द्या म्हणून मी दरवर्षी मागते. दरवर्षी हाच मिळतो."

मुकादमांचा चेहरा लाल झाला. "आम्ही काय हातावर हात धरून बसलो होतो? लगेच बायकांना बोलावणं धाडलं. पडताना तिचा कोट वर सरकला होता, तर धुतलेल्या चादरी काढून चारी बाजूंनी आडोसा धरला. सगळे पाठ करून उभे होतो. एकाने आत मान वळवली नाही, विचार कुणालाही. ताई म्हणायचो आम्ही तिला. बहिणीसारखी होती."

हे सगळं ते अभिमानाने सांगत होते. उपकार केल्यासारखं.

"पाठ करून," प्रशिक्षिका हळूच म्हणाली. "किती वेळ?"

"बायका येईपर्यंत."

"आणि मग गाडीत घालताना?" धाकटीचा आवाज चिरकला. "काखेत हात घालून कुणी उचललं तिला? पाय कुणी धरले? तुम्हीच ना सगळ्यांनी? तेव्हा नाही आडोसा लागला! बाई मेली की तिला हात लावलेला चालतो होय?"

गमत्या जमिनीकडे बघत होता.

"तुला बोलायला काय जातं," मुकादम म्हणाले. "उद्या ती वाचली असती आणि माझ्यावरच आळ घेतला असता तर?"

"वाचली असती ना पण!"

मागे ड्रायर घरघरत होते.

प्रशिक्षिका धाकटीकडे वळली. "तुम्ही या पुढे. समजा, तुम्ही आत्ताच पोचलात. ती पडलेली आहे. करा सुरू."

धाकटी पुतळ्यावर वाकली. कोटाची कड वर सरकली होती. तिने ती खाली ओढली, हाताने सपाट केली. गळ्याचं बटण सुटलं होतं, ते लावलं. मग तिचे हात छातीवर आले आणि तिथेच थांबले.

त्या दिवशीही ती चादर बाजूला सारून आत शिरली होती आणि आधी हेच केलं होतं. कोट खाली ओढला, बटण लावलं, आणि मग हाक मारली. कुणी पाहिलं नव्हतं. सगळे पाठ करून उभे होते.

लहानपणी बाकावर बसलं की थोरली तिच्या गुडघ्यावर चापट मारायची. नीट बस, झाकून बस. तीच चापट आधी थोरलीने आईची खाल्ली होती आणि आईने आजीची. एवढ्या चापटा खाऊन हात तयार झाले होते, आणि ऐन वेळी बटण लावत बसले होते. तिला त्या हातांची चीड आली, चापटांची आली, त्या पांढऱ्याशुभ्र चादरींची तर इतकी आली की डोळ्यांपुढे अंधारी आली.

तिने कोटाची कॉलर दोन्ही मुठींत धरली आणि फाडून काढल्यासारखी ओढली. बटणं उडाली. एक घरंगळत मुकादमांच्या बुटापाशी गेलं. तिने तळहातावर तळहात ठेवला, कोपरं ताठ केली आणि वर पाहिलं. पुरुषांच्या माना भिंतीकडे वळल्या होत्या. सवयीने, सभ्यपणे.

"इकडे बघा," ती म्हणाली.

खट्ट.

"मान वळवू नका. बघा इकडे."

खट्ट. खट्ट. आधी गमत्याची मान परत टेबलाकडे वळली. मग एकेकाची. टॉवेल कधीच घरंगळून खाली पडले होते. मुकादमांनी वाकून बटण उचललं आणि ते कुणाला द्यावं ते न कळून मुठीत धरून उभे राहिले. धाकटी दाबत होती. थांबायचं कधी, ते प्रशिक्षिकेने अजून शिकवलं नव्हतं.